डिसेंबरात जुळवलेले अल्फा-शिखर एप्रिलमध्ये पुन्हा का सरकते?

साताऱ्यातील आमच्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत एकच तक्रार ठरावीक काळाने परत येते. अल्फा कण सोडणाऱ्या अमेरिशियम-२४१ च्या स्रोतासमोर प्लास्टिक सिंटिलेटर (कण आदळला की चमकणारे प्लास्टिक) ठेवून घेतलेला स्पेक्ट्रम आणि गिअँट-४ या कणांचा प्रवास संगणकावर उभा करणाऱ्या प्रणालीतील प्रारूपातून निघणारा स्पेक्ट्रम हिवाळ्यात एकमेकांवर व्यवस्थित बसतात. मग परीक्षेच्या तोंडावर, एप्रिलमध्ये, तीच मांडणी आणि तीच फाइल घेऊन बसावे, तर मोजलेले शिखर प्रारूपाच्या शिखराहून सुमारे आठ टक्के वर गेलेले दिसते. विद्यार्थी बर्क्सचा स्थिरांक, म्हणजे दाट ऊर्जा सोडणाऱ्या कणाचा प्रकाश किती दबतो हे ठरवणारा आणि ज्याला सगळे नुसते केबी म्हणतात तो आकडा, थोडा कमी करतात, शिखर जुळते, प्रकल्पाची वही पूर्ण होते आणि पुढच्या डिसेंबरात दुसरी तुकडी तोच केबी पुन्हा वाढवते.

सांगलीच्या एका सहकाऱ्यांनी आमची फाइल नेली, तेव्हा त्यांनाही केबी बदलावा लागला. एकाच कंपनीच्या एकाच प्रकारच्या प्लास्टिकसाठी डिसेंबर, एप्रिल आणि सांगली अशा तीन वेगळ्या किमती वहीत लिहिलेल्या पाहिल्या, तेव्हा दोष प्लास्टिकमध्ये नाही हे उघड झाले. ज्यांना हीच अडचण येते त्यांच्यासाठी आम्ही ती कशी सोडवली ते येथे सविस्तर लिहीत आहे. माझा आग्रह एकच आहे, की केबीला हात सर्वांत शेवटी लावावा, कारण तो इतक्या सहजपणे बदलता येतो की दुसऱ्या कोणत्याही चुकीवर पांघरूण घालू शकतो.

हे का घडते ते सूत्रातच दिसते. बर्क्स यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार कणाच्या मार्गावरील एकक लांबीत निघणारा प्रकाश म्हणजे त्या लांबीत सोडलेली ऊर्जा गुणिले प्रकाशाचे प्रमाण एस, भागिले 'एक अधिक केबी गुणिले एकक लांबीतील ऊर्जाऱ्हास'. काही शे केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) इलेक्ट्रॉनचा ऊर्जाऱ्हास प्लास्टिकमध्ये मिलिमीटरला साधारण ०.२ एमईव्ही (दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट) असतो, त्यामुळे केबी ०.१२६ मिमी प्रति एमईव्ही धरला तरी छेदातील दुसरे पद जेमतेम अडीच टक्के भरते. याउलट ५.५ एमईव्हीचा अल्फा कण प्लास्टिकमध्ये शिरताना मिलिमीटरला सुमारे ९० एमईव्ही या दराने ऊर्जा सोडतो आणि थांबण्यापूर्वी हा दर २३० च्या आसपास जातो. छेद तेव्हा १२ पासून ३० पर्यंत वाढतो, म्हणजे प्रकाश इलेक्ट्रॉनच्या तुलनेत बाराव्या भागापासून तिसाव्या भागापर्यंत खाली येतो.

आता छेदातील 'एक' हा आकडा १२ किंवा ३० पुढे जवळजवळ नगण्य आहे. तो सोडून दिला तर ऊर्जाऱ्हास अंश आणि छेद दोन्हींतून निघून जातो आणि उरते ते एवढेच, की अल्फाचा एकूण प्रकाश म्हणजे एस भागिले केबी, गुणिले अल्फाचा त्या पदार्थातील पल्ला, म्हणजे थांबेपर्यंत कापलेले अंतर. या निष्कर्षापाशी थोडे थांबावे, कारण साऱ्या गोंधळाचे मूळ येथे आहे. केवळ अल्फाचे शिखर पाहून एस वेगळा आणि केबी वेगळा असा काढताच येत नाही, फक्त त्यांचे गुणोत्तर निघते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ऊर्जेनुसार प्रकाश कसा बदलतो याचा आकार केबीवर जवळजवळ अवलंबून नसतो, तो पल्ल्याच्या वक्रावर अवलंबून असतो. केबी बदलल्याने सारा वक्र एकाच पटीत वर किंवा खाली सरकतो, त्याचे वळण मात्र बदलत नाही.

यावरून दोष ओळखण्याची एक सोपी कसोटी मिळते. स्रोत आणि सिंटिलेटर यांमधील अंतर ५, १०, १५ आणि २० मिलिमीटर असे बदलून चार स्पेक्ट्रम घ्यावेत, चारही अंतरांसाठी प्रारूप चालवावे आणि प्रत्येक वेळी मोजलेल्या शिखराला प्रारूपाच्या शिखराने भागावे. हे गुणोत्तर चारही अंतरांना सारखेच येत असेल, तर चूक प्रकाशाच्या प्रमाणात, म्हणजे एस, केबी किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्धनात (संकेत किती पट मोठा होतो त्यात) आहे. गुणोत्तर अंतराबरोबर वाढत किंवा घटत असेल, तर अल्फा सिंटिलेटरपर्यंत पोहोचण्यापूर्वी किती ऊर्जा गमावतो हा हिशेब चुकला आहे आणि केबी कितीही फिरवला तरी उपयोग नाही. आमचे एप्रिलचे गुणोत्तर ५ मिलिमीटरला जवळजवळ १ होते आणि २० मिलिमीटरला १.०८. तीन तुकड्यांनी केबी बदलला, परंतु ही चार मोजमापे कोणीही घेतली नव्हती. मार्गदर्शक म्हणून ती जबाबदारी माझीच होती.

हवेची घनता

आमचा दोष हवेत होता. गिअँट-४ मधील तयार हवेची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १.२०५ मिलिग्रॅम धरलेली असते, म्हणजे समुद्रसपाटीचा दाब आणि २० अंश तापमान. सातारा समुद्रसपाटीपासून ७०० मीटरहून थोडा अधिक उंचीवर आहे आणि येथील हवेचा प्रत्यक्ष दाब ९३० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. एप्रिलच्या दुपारी आमच्या वरच्या मजल्यावरील प्रयोगशाळेत ३७ अंश असतात, तेव्हा घनता १.०४५ इतकी भरते. तयार हवेपेक्षा ही हवा १३ टक्क्यांनी विरळ आहे. उघड्या अमेरिशियम स्रोताचा अल्फा अशा हवेतून दोन सेंटिमीटर चालला, तर तो समुद्रसपाटीच्या हवेच्या तुलनेत पाव एमईव्हीहून थोडी अधिक ऊर्जा शिल्लक ठेवून पोहोचतो.

डिसेंबरच्या सकाळी त्याच खोलीत १५ अंश असतात आणि घनता १.१२ च्या पुढे जाते. डिसेंबर आणि एप्रिल यांत सात टक्क्यांचा हा फरक दोन सेंटिमीटरच्या हवेत ०.१४ एमईव्ही एवढा दिसतो. ऐकायला तो लहान आहे. परंतु हवेतून बाहेर पडलेल्या कणाला पुढे सिंटिलेटरवरचा मायलारचा (पातळ पॉलिएस्टरचा) पडदा ओलांडायचा असतो, आणि मंद कण वेगवान कणापेक्षा तेथे अधिक ऊर्जा गमावतो, म्हणून फरक रुंदावतो. शिवाय प्रकाश पल्ल्याच्या प्रमाणात असल्यामुळे तो ऊर्जेपेक्षा वेगाने वाढतो. शेवटी शिखर सात-आठ टक्के सरकते आणि आमच्या वहीतील आकडा नेमका हाच होता. हिवाळ्यात शिखर जुळत होते तेही खरे जुळणे नव्हते. पहिल्या तुकडीने हवेची चूक केबीमध्ये मुरवली होती, एवढेच.

उपाय साधा आहे. गिअँट-४ च्या पदार्थसाठ्यातील हवेपासून नवी घनता देऊन वेगळा पदार्थ बनवता येतो. ती घनता प्रत्येक मोजमापाच्या दिवशी दाब आणि तापमान नोंदवून आदर्श वायूच्या समीकरणाने काढावी: पास्कलमधील दाब, भागिले '२८७ गुणिले केल्व्हिनमधील तापमान', म्हणजे घनमीटरला किलोग्रॅम मिळतात.

मात्र दाब कोठून घ्यावा याबाबत काटेकोर सावधगिरी हवी, कारण याच पायरीवर आमचे आणखी दोन आठवडे गेले. मोबाइलवरील हवामानाच्या ॲपमध्ये साताऱ्याचा दाब १०१० हेक्टोपास्कल असा दिसतो. तो चुकीचा नाही, पण तो समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब असतो, वेगवेगळ्या उंचीवरील गावांची तुलना करता यावी म्हणून. आपल्या अल्फा कणाला खोलीतील प्रत्यक्ष दाबाशी काम आहे. साधा बॅरोमीटर, किंवा ज्या फोनमध्ये दाबाचा संवेदक आहे त्याचे थेट वाचन, घ्यावे. साताऱ्यात हा आकडा हजाराच्या वर दिसला, तर तो रूपांतरित आहे असे निःशंक समजावे. सांगली सुमारे ५५० मीटरवर आहे, तेथे प्रत्यक्ष दाब साताऱ्याहून दोन-अडीच टक्के अधिक असतो, आणि सांगलीच्या सहकाऱ्यांच्या वेगळ्या केबीचा काही भाग यातच होता. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तेथे हाच प्रयोग झाला तर त्याच तापमानाची हवा साताऱ्याहूनही सात टक्के विरळ मिळेल.

ज्यांच्याकडे काचेचा निर्वात जार आणि रोटरी पंप आहे, त्यांनी अंतर न हलवता दाबच कमी-अधिक करून हीच कसोटी घ्यावी. अंतर बदलताना स्रोत किंचित तिरका होण्याचा धोका त्यात राहत नाही, आणि मी स्वतः आता हीच पद्धत अधिक विश्वासार्ह मानतो.

स्रोताचे आवरण आणि पडदा

हवा दुरुस्त केल्यावर चारही अंतरांचे गुणोत्तर सपाट झाले नाही, तर पुढचा संशय स्रोतावर घ्यावा. अमेरिशियमच्या अल्फाची प्रमुख ऊर्जा ५.४८६ एमईव्ही असून तिचा वाटा सुमारे ८५ टक्के आहे. ५.४४३ ची दुसरी रेषा सुमारे १३ टक्के आहे. प्रारूपात बहुतेक जण ५.४८६ हा आकडा टाकून मोकळे होतात. परंतु सीलबंद स्रोतावर सोन्याचा किंवा अन्य धातूचा पातळ थर असतो आणि एक मायक्रॉन सोने सुमारे ०.४ एमईव्ही खाते. आपल्या स्रोताच्या प्रमाणपत्रात आवरणाची जाडी दिलेली असेल तर ती प्रारूपात खरा थर म्हणून घालावी. नुसती ऊर्जा कमी करून भागत नाही, कारण तिरके जाणारे कण त्या थरातून अधिक लांब मार्ग चालतात आणि शिखराला डाव्या बाजूला जी शेपटी येते ती त्यातून येते. जाडी माहीत नसेल, तर निर्वातात सिलिकॉन डिटेक्टरने बाहेर पडणाऱ्या अल्फाची ऊर्जा मोजलेली असणे सर्वांत उत्तम. जवळच्या ज्या संस्थेत ही सोय असेल तेथे एकदा जाऊन ते मोजून आणावे. आवरण खरवडून किंवा पुसून पाहण्याचा विचारही करू नये. स्रोताच्या समोरच्या पृष्ठाला बोट, कापूस किंवा चिमटा लागता कामा नये, आणि अणुऊर्जा नियामक परिषदेच्या नियमांनुसार स्रोताची नोंद व देखभाल ज्या व्यक्तीकडे आहे तिला विचारल्याशिवाय मांडणी बदलू नये.

पडद्याबाबत आमची चूक लहान, पण लाज वाटावी अशी होती. प्रकाश आत येऊ नये म्हणून सिंटिलेटरवर लावलेला मायलार ६ मायक्रॉनचा होता, प्रारूपात तो एका विद्यार्थ्याने ३ मायक्रॉनचा लिहिला होता आणि कोणी पडताळला नव्हता. मायलारचा प्रत्येक मायक्रॉन ५.५ एमईव्हीच्या कणाकडून सुमारे ०.१ एमईव्ही घेतो, मंद कणाकडून त्याहून अधिक. ताणून बसवलेला पडदा सैल पडून सिंटिलेटरपासून एखादा मिलिमीटर वर उचललेला असेल, तर तेवढी हवाही हिशेबात धरावी लागते. काही ठिकाणी मायलार मिळत नाही म्हणून स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमचा कागद वापरलेला मी पाहिला आहे. तो दहा-पंधरा मायक्रॉनचा असतो, अल्फाचा ॲल्युमिनियममधील संपूर्ण पल्लाच २५ मायक्रॉनपेक्षा कमी आहे, त्यामुळे दोन सेंटिमीटर हवेनंतर त्यातून फारसे काही उरत नाही. टेफ्लॉनची पट्टी तर अल्फाच्या बाजूने मुळीच गुंडाळू नये.

स्रोत हा बिंदू नसून चकती आहे, हेही प्रारूपात यायला हवे. सरळ रेषेतील किरण सोडणारा बिंदू लिहिला की शिखर अरुंद आणि उजवीकडे येते. साठ अंशांच्या कोनात निघालेला कण प्रत्येक थरातून दुप्पट लांब जातो.

मग केबीकडे

एवढे झाल्यावर गुणोत्तर चारही अंतरांना सारखे आले, तर केबीची वेळ आली असे म्हणता येते. तरीही आधी एस निश्चित करावा, आणि तो अल्फाने नव्हे, इलेक्ट्रॉनने. प्लास्टिकमध्ये सिझियम-१३७ च्या ६६२ केईव्हीच्या गॅमाचे प्रकाशविद्युत शिखर दिसत नाही, दिसते ती ४७७ केईव्हीची कॉम्प्टन कड, म्हणजे गॅमा आदळून इलेक्ट्रॉनला मिळू शकणाऱ्या कमाल ऊर्जेची सीमा. ही कड मोजमापात गोलसर होते, त्यामुळे उंचवट्याचा माथा म्हणजेच कड असे समजल्यास एस चुकतो. कड माथ्याच्या उजव्या उतारावर असते. ती कोठे आहे हे अंदाजाने न ठरवता, प्रारूपातील कॉम्प्टन स्पेक्ट्रम मोजमापाइतका रुंद करून दोन्ही जुळवावेत. सोडियम-२२ असेल तर त्याच्या ३४१ आणि १०६२ केईव्हीच्या कडा मिळतात आणि वर्धन सरळ रेषेत आहे का तेही कळते. ही मोजणी अल्फाच्या मोजणीच्याच दिवशी, त्याच तासात व्हावी, कारण सिंटिलेटरचा प्रकाश विद्युत संकेतात बदलणाऱ्या फोटोमल्टिप्लायरचे वर्धन तापमानाबरोबर बदलते. आमचा आठ टक्क्यांचा आकडा त्या-त्या दिवशीच्या सिझियमच्या कडेशी तुलना करून काढलेला होता, म्हणूनच तो वर्धनाचा दोष नाही हे आम्ही खात्रीने म्हणू शकलो.

पल्स गोळा करण्याचे गेट, म्हणजे प्रकाश मोजण्याचा कालावधी, किती रुंद आहे हेही पाहावे. सेंद्रिय सिंटिलेटरमध्ये अल्फाच्या प्रकाशाचा उशिरा येणारा भाग इलेक्ट्रॉनच्या तुलनेत मोठा असतो. गेट फार अरुंद ठेवले तर अल्फाचा प्रकाश जास्त कापला जातो, आणि तो तोटाही केबीच्या नावावर जमा होतो.

येथे एका प्रचलित सल्ल्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते. 'अल्फाच्या वाटेवरील पायरीची लांबी कमी करा, म्हणजे उत्तर सुधारेल' असे अनेकदा सांगितले जाते; प्रारूप कणाला ज्या तुकड्यातुकड्याने पुढे नेते तो तुकडा म्हणजे पायरी. प्लास्टिकमध्ये अल्फाचा संपूर्ण पल्ला सुमारे ४० मायक्रॉन असल्यामुळे ही शंका रास्त आहे, कारण प्रारूप कणाला एकाच पायरीत थांबवत असेल, तर ऊर्जाऱ्हासाची सरासरीच सूत्रात जाते. परंतु आम्ही पायरी १ मायक्रॉनपर्यंत खाली आणली तेव्हा एकूण प्रकाश एका टक्क्यानेही बदलला नाही. वर लिहिलेला निष्कर्ष आठवला की कारण कळते. छेदातील 'एक' नगण्य असेल, तर एक पायरी घ्या किंवा चाळीस, उत्तर पल्ल्यावरच येते. ऊर्जाऱ्हासाच्या वर्गाचे पद असलेले सूत्र वापरणाऱ्यांनी, किंवा ज्यांचा सिंटिलेटर पल्ल्याहून पातळ आहे त्यांनी, पायरी जरूर कमी करावी. इतरांचा संगणक त्यामुळे फक्त मंदावेल.

याउलट इलेक्ट्रॉन निर्मितीची मर्यादा, म्हणजे ज्या सीमेखालचे इलेक्ट्रॉन प्रारूप वेगळे निर्माण करत नाही ती, खरोखर महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे फार थोडे लोक पाहतात. ५.५ एमईव्हीचा अल्फा एखाद्या इलेक्ट्रॉनला जास्तीत जास्त सुमारे ३ केईव्ही देऊ शकतो. गिअँट-४ ची नेहमीची मर्यादा, म्हणजे ०.७ मिमी पल्ल्याचा इलेक्ट्रॉन, ठेवली तर असे इलेक्ट्रॉन वेगळे निर्माणच होत नाहीत आणि त्यांची ऊर्जा अल्फाच्या मार्गातच मोजली जाते. मर्यादा १ केईव्हीपर्यंत खाली आणली, तर त्यांतले काही स्वतंत्र कण बनतात, त्यांचा ऊर्जाऱ्हास अल्फाहून कितीतरी कमी असल्याने त्यांच्या प्रकाशाला कमी कात्री लागते, आणि केबी तोच असूनही शिखर वर चढते. म्हणून केबीचा आकडा लिहिताना शेजारी ही मर्यादा लिहिलीच पाहिजे. पॉलिस्टायरीनसाठी कोणी ०.१२६ वापरतात, गिअँट-४ च्या स्वतःच्या साठ्यात ०.०७९४ मिमी प्रति एमईव्ही आहे, आणि या दोहोंपैकी कोणताही आकडा आपल्या फाइलमध्ये जसाच्या तसा चालेल असे गृहीत धरू नये. एककही तपासावे, कारण काही तक्ते केबी मिलिमीटरऐवजी चौरस सेंटिमीटरला ग्रॅम या मापात देतात आणि घनतेने भागून आलेल्या सेंटिमीटरचे मिलिमीटर करायचे राहून गेले की दहापटीची चूक होते. ०.१२६ मिमी प्रति एमईव्ही म्हणजे पॉलिस्टायरीनसाठी त्या मापात सुमारे ०.०१३.

आणखी एक चूक म्हणजे प्रकाशाला दोनदा कात्री लावणे. अल्फासाठी स्वतंत्र प्रकाशप्रमाण दिले तर त्यात प्रकाशातील घट आधीच आलेली असते, त्यावर बर्क्स नको. गिअँट-४ कणनिहाय प्रमाण चालू केल्यावर सूचना देऊन बर्क्स काढून टाकते, पण एसच्या जागीच कोणी अल्फावरून काढलेले कमी प्रमाण लिहिले असेल, तर त्याला कोणतीही सूचना मिळत नाही.

जे झिंक सल्फाइडचा पडदा वापरतात त्यांनी यातले हवा, आवरण आणि कोन एवढेच घ्यावे. क्रूक्स यांनी १९०३ मध्ये ज्याच्यावर एकेक चमक पाहिली तो हाच पदार्थ, पण तो बारीक कणांचा असतो आणि स्वतःच्याच प्रकाशाला पारदर्शक नसतो, म्हणून त्याच्या स्पेक्ट्रममध्ये रेखीव शिखर शोधू नये. सिझियम आयोडाइडच्या स्फटिकात अल्फाचा प्रकाश इलेक्ट्रॉनच्या तुलनेत प्लास्टिकइतका खाली जात नाही, वरची सरळ पल्ल्याची मांडणी तेथे लागू पडत नाही. साताऱ्याच्या पावसाळ्यात त्याचे पृष्ठ दमटपणाने मंदावते आणि अल्फासाठी तो मंद थरही एक पडदाच ठरतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.

आमच्या प्रयोगशाळेत आता मोजमापाच्या वहीत प्रत्येक स्पेक्ट्रमसोबत सहा नोंदी असतात: प्रत्यक्ष दाब, खोलीचे तापमान, स्रोतापासूनचे अंतर, पडद्याची जाडी, त्या तासाची सिझियमची कड आणि प्रारूपातील इलेक्ट्रॉन-मर्यादा. या नोंदींसह गेल्या डिसेंबरचा आणि या एप्रिलचा स्पेक्ट्रम एकाच केबीने दोन टक्क्यांच्या आत जुळला. सांगलीच्या सहकाऱ्यांनी त्यांचा दाब घालून तोच केबी वापरला आहे. त्यांचे २० मिलिमीटरचे गुणोत्तर अजून १.०३ येते आणि आम्ही दोघे मिळून सध्या त्यांच्या स्रोताच्या आवरणाची जाडी शोधत आहोत.